हेडफोनच्या भोकाचा सदुपयोग

१३ एप्रिल १९६४, सोमवार. पाडवा.

श्रीराम. नवं वर्ष, नवी वही. संकल्प तीन. कमी बोलायचं. कोणाविषयी वाईट लिहायचं नाही. आणि घरातली कुठलीही वस्तू वाया जाऊ द्यायची नाही.

श्रीखंड झाल्यावर मल्हारराव आले. ह्यांच्या यशवंतपूरच्या फॅक्टरीतले. माणूस वाईट नाही (संकल्प दुसरा), फक्त उठत नाही. हातात लोखंडी खोकं. स्वतः घरी बसून केलेला ॲम्प्लिफायर, आईंसाठी. माईकमध्ये बोललेलं त्यातून मोठं होऊन बाहेर येतं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, अंबूबाई. कानांनी पार गेल्यात. दारात बँड वाजला तरी "कोण आलं गं?" विचारतात. मागच्या आठवड्यात ह्यांना म्हणाल्या, "हणमंता, या रामनवमीला पाळणा स्वल्प कानावर पडला तर बरं होईल. पुढच्या वर्षाचं कोण सांगावं." तो पाळणा पूर्वी आईच म्हणायच्या. कान गेले तसा त्यांनी सोडला, आणि आमच्या घरी जमणाऱ्या भजनी मंडळात ती जागा माझ्याकडे आली. मी मागितली नव्हती. घेतली.

आता खरं सांगायचं तर माझं भजन आईंना व्यवस्थित ऐकू येतं. रोज संध्याकाळी मी देवापुढे म्हणते, त्या समोर बसून लक्षवातीच्या वाती वळतात, आणि सारखी मान डोलवतात. एक दिवस चुकत नाही. बाकी जगाचं ऐकू येत नसेल तर तो जगाचा दोष. पण हे माझ्याकडे लक्ष देतील तर ना.

खोक्याबरोबर हेडफोन आला आहे. आईंनी तो कानांना लावायचा, मी माईकमध्ये म्हणायचं. मल्हाररावांनी त्याला मधल्या खोलीपर्यंत पोचेल अशी लांब वायरसुद्धा जोडलीय. मी हातात घेऊन पाहिला. डोक्यावरची पट्टी चामड्याची! कानांवरच्या गाद्या चामड्याच्या! देवघरासमोर! आईंसारख्या सोवळ्यातल्या बाईच्या डोक्यावर! तसाच काठीने उचलून बाहेर नेला आणि पायरीखाली चपलांच्या डब्यात टाकला.

हे म्हणाले, निदान आईला विचारायचं तरी. विचारू कशी? त्यांना ऐकू येत नाही.

१४ एप्रिल, दुपारी.

खोकं नीट पुसलं. पुढे तीन बटणं, चार भोकं. एक माईकचं, एक ग्रामोफोनचं, एक स्पीकरचं. चौथं हेडफोनचं, ते रिकामं. म्हणजे माणसाने मेहनत करून भोक पाडायचं आणि आपण ते उघडं ठेवून त्यात झुरळं पाळायची. संकल्प तिसरा.

विचार केला. हेडफोनच्या भोकातून आवाजच बाहेर येतो ना? मग तो कानातच गेला पाहिजे असं कुठे लिहिलंय? त्याला दुसऱ्या यंत्रात घालावा. मॅट्रिकला जनरल सायन्समध्ये मला चांगले मार्क होते.

माळ्यावर आमच्या लग्नातला रेडिओ आहे. स्टेशन लागत नाही, दिवे मात्र लागतात. त्याला मागे ग्रामोफोनची पिन लावायला दोन भोकं आहेत. खोक्याच्या भोकातून वायर काढून रेडिओच्या भोकांत. रेडिओ आईंच्या उशाशी. चामडं नाही, विटाळ नाही. इतकं सोपं होतं. मल्हाररावांना सुचलं नाही. इंजिनिअर असते तर सुचलं असतं.

टेबललँपची वायर कापली. लँप तसाही माश्या बसण्यापलीकडे कामाचा नव्हता.

१४ एप्रिल, रात्री.

हे लँप शोधत आहेत. मी सांगितलेलं नाही.

१५ एप्रिल.

प्रयोग यशस्वी, थोडा बाकी आहे.

पिन घातली तशी खोक्याच्या स्वतःच्या स्पीकरची वाचा बसली. एकदम गप्प. मला वाटलं जळलं. ह्यांनी फॅक्टरीतून मल्हाररावांचा निरोप आणला, की ते तसंच असतं. हेडफोनच्या भोकात पिन गेली की आवाज सगळा तिकडे वळतो, घरचा स्पीकर बंद. म्हणजे सगळ्यांना वाढून झाल्यावर आपल्या पानात काही नाही. बायकांच्या जन्माची रचना मल्हाररावांनी खोक्यात केली आहे.

आईंच्या उशाचा रेडिओ मात्र बोलला. "हुं..." असा एकसारखा. मध्येमध्ये माझा आवाज. मी ह्यांना म्हटलं, हा ओंकारच समजा. हे म्हणाले, ओंकारात बॅड जॉईंट असतो का?

आईंनी रेडिओवर हात ठेवून पाहिला. गरम लागला. खूश झाल्या. म्हणाल्या, "सरी, बरं केलंस चंद्रा. कापूस दमट झाला होता." आणि वातींचा सगळा कापूस त्यावर वाळत घातला.

असू दे. सुरुवात झाली.

१६ एप्रिल.

आवाज वाढवायला हवा. खोक्याचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवलं, रेडिओचंही. मग माईकपुढे बसून पहाटेची स्तोत्रं म्हटली.

आईंना ऐकू आलं नाही. दूधवाल्याला आलं. तो चंबू तसाच ठेवून गेला.

आमचं वठार म्हणजे एका अंगणाभोवती चार घरं. शेजारच्या भागीरथीबाई केस विंचरत तशाच आल्या. त्यांची माझी मैत्री जुनी आहे. पाळण्याची जागा मला मिळाल्यापासून त्या दरवर्षी रामनवमीच्या आधी घसा साफ करून बसतात, न जाणो मला काही झालं तर. उंबऱ्यात उभं राहून हळू आवाजात विचारतात कशा, "अक्का, सगळं ठीक ना? हणमंतरावांनी हात तर नाही उचलला?"

मी म्हटलं, हे विष्णूचं स्तोत्र होतं.

"हो का," म्हणाल्या. "तरीच मध्ये देवाचं नाव आल्यासारखं वाटलं."

कोणाविषयी वाईट लिहायचं नाही.

संध्याकाळी मल्हारराव स्वतः आले. तीन लोटे कॉफी. म्हणाले, "वहिनी, त्या भोकातला आवाज कान हलवायला केलेला. रेडिओची ती भोकं नाजूक आवाजाची. त्यांच्यात एवढा जोर कोंबला की आवाज फाटणारच. इकडचं बटण अगदी कमी ठेवा, तिकडचं वाढवा. आणि खरं विचाराल तर हेडफोनच—"

मी चौथा लोटा आणते म्हणून उठले. आणला नाही. तेव्हा कुठे गेले.

१७ एप्रिल, सकाळी.

बटण कमी केलं. फाटणं थांबलं. ऐकू येणंही थांबलं. दोन्ही एकदम नको असं ते खोकं ठरवून बसलंय.

यश अगदी जवळ आहे. दोष रेडिओचा आहे. थकला आहे बिचारा. ताज्या दमाचा रेडिओ हवा.

१७ एप्रिल, दुपारी.

ताज्या दमाचा रेडिओ भागीरथीबाईंकडे आहे. नवा, कपाटाएवढा, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर मातीचा मोर. आणि आईंची कॉट ज्या भिंतीला लागून आहे तिच्याच पलीकडे त्यांचा हॉल! मला हे सुचलं तेव्हा अंगावर काटा आला. रामाचीच इच्छा.

योजना अशी. आमच्या खोक्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर निघेल, झरोक्यातून पलीकडे जाईल, भागीरथीबाईंच्या रेडिओच्या पाठीत शिरेल. रेडिओचं तोंड भिंतीला लावायचं. मग भिंतच पाळणा म्हणेल. आईंच्या उशाशी आख्खी भिंत. हेडफोन काय एवढा मोठा असतो?

मागायला जायचं जिवावर आलं होतं, पण आईंसाठी गेले. भागीरथीबाई म्हणाल्या, "घ्या की अक्का, त्यात काय विचारायचं. तुमचं घर काय, आमचं घर काय." एवढ्या लवकर त्या कधी हो म्हणत नाहीत. माणसं बदलतात. आपण विश्वास ठेवायला हवा.

१८ एप्रिल.

वायर झरोक्यातून गेली. हे स्टुलावर, मी खाली. ह्यांनी वरून विचारलं, हॉलमध्ये ज्या बायका बसणार त्यांना काय ऐकू येणार? पिन आत म्हणजे आपला स्पीकर बंद.

मी म्हटलं, त्यांना मी प्रत्यक्ष ऐकू येईन. माझ्या आवाजाला खोकं लागत नाही.

हे स्टुलावरून उतरून बाहेर गेले. पायरीखाली काहीतरी खुडबुड चालली होती. चपला शोधत असतील. पायांत होत्या.

रात्री आईंनी विचारलं, "चंद्रा, पाळणा ऐकू येईल ना गं मला?" मी मान हलवून हो म्हटलं. दोनदा हलवली.

रामनवमी. तिसऱ्या प्रहरी.

घडलं तसं लिहिते. वहीशी खोटं बोलायचं नाही.

सकाळपासून तयारी. गुळाचं पानक, भिजल्या डाळीची कोसंबरी. पाळणा फुलांनी सजवला, आत रामाची मूर्ती. साडेअकराला मंडळाच्या बायका आल्या, हॉल गच्च. खोकं माझ्या बाजूला, माईक समोर. आई आपल्या कॉटवर, भिंतीला कान लावून, शहाण्या मुलासारख्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. हे माझ्या मागे, खोक्याजवळ. मीच बसवलं होतं, काही लागलं तर.

बारा वाजले. मी डोळे मिटले. पाळणा मी डोळे मिटूनच म्हणते, नाहीतर भक्ती बाहेर जाते.

पहिलं कडवं छान झालं. पलीकडून, झरोक्यातून माझाच आवाज येत होता. केवढा! जरा फाटत होता, पण फाटण्यातही एक गोडवा. मागच्या बायकांत काही कुजबुज झाली. "इथं काही ऐकू येईना." "तिकडं बघ कसं लागलंय." मग बांगड्या वाजल्या, पदर सळसळले. मला वाटलं भारावून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या कडव्याला पलीकडचा आवाज एकाएकी गेला. मला वाटलं भिंतीने ओढून घेतला. योजना तशीच होती.

तिसऱ्या कडव्याला मधल्या खोलीतून आईंचा आवाज आला. बहिऱ्या माणसाचा आवाज, अंगणापलीकडे पोचणारा.

"अगं थांब, थांब! इथं वर जायचं असतं. खाली कुठं चाललीस?"

डोळे उघडले.

हॉल रिकामा. मी आणि पाळण्यातला राम. बायका सगळ्या भागीरथीबाईंच्या हॉलमध्ये. त्यांनी रेडिओचं तोंड भिंतीकडे केलंच नव्हतं. पाहुण्यांकडे पाठ कशी करायची म्हणे रेडिओने, बरं दिसतं का? आमच्या दारातल्या पानकाचा हंडासुद्धा तिकडे गेला होता. आवाज तिकडे, म्हणून बायका तिकडे, म्हणून हंडा तिकडे.

आणि हे. माझे डोळे मिटलेले पाहून ह्यांनी झरोक्याच्या वायरची पिन उपटली होती आणि चपलांच्या डब्यातला हेडफोन त्या भोकात घातला होता. म्हणजे दुसऱ्या कडव्यापासून माझा पाळणा वठारात ऐकू येत होता फक्त आईंना. कानांवरचा हेडफोन दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी.

मी धावत गेले. म्हटलं, आई, ते चामडं आहे, चामडं! माईक माझ्या हातातच होता. म्हणून ऐकू गेलं.

आई म्हणाल्या, "बरं मग? मृदंगाला काय केळीचं पान लावतात?"

मी मोर्चा ह्यांच्याकडे वळवला.

ह्यांना विचारलं, निदान तुळशीचं पाणी तरी शिंपडलंत का? म्हणाले, वेळ नव्हता, तू दुसऱ्या कडव्यावर आली होतीस.

मग आईंनी मला हाताने गप्प केलं आणि स्वतःच म्हणायला लागल्या. तिसऱ्यापासून शेवटपर्यंत. मी माईक त्यांच्यापुढे धरला, म्हणजे त्यांचा त्यांना ऐकू येईल. वर जायचं तिथे वर गेल्या. श्वास पुरत नव्हता, पण सूर जागच्या जागी. पलीकडे वीज गेली समजून बसलेल्या बायका आवाजावरून एकेक परत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. भागीरथीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. हंडाही त्यांनीच परत आणला. रिकामा.

सर्व योजना यशस्वी झाली. आईंना पाळणा ऐकू आला. हेडफोनच्या भोकाचा उपयोग मी पहिल्यापासून सांगत होतेच.

रामनवमीनंतर दोन दिवसांनी.

माईक धरून हात दुखतो. त्याचं कोणी नाव काढत नाही. मंडळात सगळीकडे अंबूबाई, अंबूबाई. बाजारात एक बाई भेटली, म्हणाली, "अक्का, तुमच्या सासूबाईंनी काय म्हटला हो! आणि आधी कोण म्हणत होतं? रेडिओ बिघडला होता ना?"

मी म्हटलं, हो. बिघडला होता.

२५ एप्रिल.

ठरवलं आहे. पुढच्या वर्षी पाळणा आईंनीच म्हणावा. मोठेपणा आपणच दाखवायला हवा. भागीरथीबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ते मंडळाने परवाच ठरवलंय.

हेडफोनला धुतलेल्या धोतराची खोळ शिवली. चामडं दिसत नाही. न दिसणाऱ्या चामड्याचा विटाळ लागतो असं मला कोणत्याही पोथीत आढळलेलं नाही.

आई आता दिवसभर ऐकतात. ह्यांनी नवा व्हॉल्व्ह घालून जुना रेडिओ जिवंत केला आणि उलटी वायर जोडली: रेडिओतून खोक्यात, खोक्यातून कानांत. ऐकून आई मला सगळं ओरडून सांगतात. बातम्या, हवामान, शेतकऱ्यांसाठी फवारणी. आमच्या अंगणात एक तुळस.

२८ एप्रिल.

आज मी आईंना माईकमधून स्पष्टच विचारलं. आधी तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणता, मग माझ्या भजनाला रोज मान कशी डोलवत होतात?

"कुठली मान?"

ही, म्हटलं, अशी. करून दाखवली.

"ती होय," म्हणाल्या. "एक वात झाली की एकदा मान हलवायची. नाहीतर लाख वातींचा हिशेब राहतो कुठं, या वयात? तुझे ओठ थांबले की समजायचं, जेवायची वेळ झाली."

म्हातारपणी माणूस काहीही बोलतं. लक्ष द्यायचं नाही. इतकी वर्षं माणूस कोणाला मान डोलवतंय हे त्याचं त्याला कळत नाही. भक्ती अशी नकळतच होते.

उद्या संध्याकाळी खरी परीक्षा घेऊ. आईंच्या कानांना हेडफोन, माझ्यासमोर माईक, आणि संपूर्ण भजन. पहिल्यांदाच त्यांना माझा आवाज नीट, सुरुवातीपासून ऐकू येईल. मग बघू मान हलते की नाही. सकाळपासून ताक बंद, घशासाठी ज्येष्ठमध. बटण मल्हाररावांनी सांगितलं तेवढंच.

२९ एप्रिल, संध्याकाळी.

दिवा लावला. माईक पुढे घेतला. आईंनी स्वतःच हेडफोन कानांवर नीट बसवला, माझ्याकडे बघून हसल्या. मी सुरू केलं. डोळे उघडे ठेवून, मुद्दाम.

पहिल्या ओळीला मान स्थिर. दुसऱ्या ओळीलाही स्थिर.

तिसऱ्या ओळीला आईंनी हेडफोन हळूच काढला, माझ्या मनाला लागू नये म्हणून असेल, मांडीवर ठेवला. वातींची टोपली पुढे ओढली.

मग मान हलायला लागली.